न झालेल्या प्रेमाची माफी

आम्ही दात बनवतो. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येतात, त्यांवरून आमच्याकडे कवळ्या तयार होतात. कारखाना म्हणायचा आपला मान ठेवायला. खरं तर दोन खोल्या आहेत, प्लास्टरची धूळ आणि वितळलेल्या मेणाचा वास. तयार कवळी घासून चकचकीत करायचं काम माझं. माझ्या शेजारच्या टेबलावर ताई बसते. मेणात एकेक दात बसवायचा, जबडा उघडमीट करून बघायचा, पुन्हा मेण तापवून दात केसभर सरकवायचा, हे तिचं काम. सगळे दात एका रांगेत लावले तर तोंड खोटं दिसतं, म्हणून एखादा दात ती मुद्दाम जरासा तिरका बसवते.

पन्नाशी उलटून गेली तिची. लग्न केलं नाही. या शेवटच्या वाक्यावर लोकांनी जेवढं डोकं चालवलंय तेवढं स्वतःच्या कामावर चालवलं असतं तर कुठल्या कुठे गेले असते.

मला तिने एकदा चहा पिताना सरळ सांगितलं होतं. म्हणाली, मला त्यातलं काही हवंसंच वाटत नाही. पुरुषाबद्दल नाही, बाईबद्दल नाही, कधीच वाटलं नाही. माणसं आवडतात, गप्पा आवडतात, कुणी आजारी पडलं तर जीव तुटतो. पण ते जे तुम्हा सगळ्यांना होतं ना, ते मला होत नाही. मी म्हटलं बरं, चहा गार होतोय, पी आधी. त्यात न पटण्यासारखं होतं काय? आमच्या ह्यांना पोहायला आवडत नाही. त्यांना कोणी विचारत नाही, लहानपणी तुम्हाला कुणी बुडवलं होतं का म्हणून.

पण ताईला सगळ्यांनी विचारलं. मालकांच्या बायकोचं ठाम मत, कुणीतरी दगा दिला असणार. एका डॉक्टरने रक्त तपासायला लावलं. रक्तात काही सापडलं नाही, तर म्हणे मनात असेल. आमचा डबेवाटप्या, म्हणजे तयार कवळ्या डब्यांत भरून दवाखान्यांत पोचवणारा, तो तर तिला पाठीमागे फ्रीज म्हणायचा आणि स्वतःच दात विचकायचा. एका मालिकेत अशी बाई दाखवली होती. शेवटच्या भागात तिला योग्य पुरुष भेटला आणि बाई एकदम बरी झाली. मला असली तिडीक गेली डोक्यात, मी उठून टीव्हीच बंद केला. आमचे हे म्हणाले, अगं बातम्या लागणार होत्या.

मग एकदा दातांच्या दवाखान्यात बसल्याबसल्या तिने एका मासिकात वाचलं की अशी माणसं असतात, पुष्कळ असतात, आणि त्यांना अलैंगिक म्हणतात. शब्द तिला मुळीच आवडला नाही. औषधाच्या बाटलीवरचा वाटतो म्हणाली. पण त्या दिवशी ती कामावर गुणगुणत होती. संध्याकाळी घरी जाऊन तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, नाव आहे म्हणजे औषधही असेल, विचारून ये.

आईचं आणि तिचं सूत फार चांगलं जमायचं, हे आधी सांगायला हवं. दोघी तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. डोळे अधू झाले तरी सुईत दोरा ओवायची, आणि ओवला की ताईकडे बघून भुवया उडवायची. रविवारी दोघी रेडिओ लावून एकमेकींच्या चुका काढत पत्ते खेळायच्या. भाऊ मागच्याच रस्त्यावर राहायचा, त्याचं त्याचं बिऱ्हाड होतं.

गेल्या वर्षी आईचं हृदय थकलं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस धरू नका. ताई सुट्टी टाकून घरी बसली. मी कामावरून सुटले की जायची. तेव्हा जिन्यात ती मला म्हणाली, माझी एकच इच्छा आहे. जायच्या आधी आईने एकदा म्हणावं की कळलं गं तू कशी आहेस. बाकी जगाला नाही कळलं तरी चालेल, मी त्यावर पाणी सोडलंय. पण आईला कळायला हवं.

आणि झालं भलतंच.

एके दिवशी संध्याकाळी मी सूप घेऊन गेले होते. आईला उशांना टेकवून बसवलं होतं. तिने ताईचा हात धरला आणि रडायलाच लागली. म्हणाली, त्या वायरमनला मी दारातून परत पाठवलं, तिथेच तुझं आयुष्य नासवलं. आम्हाला दोघींना काही उमजेना. मग हळूहळू निघालं. ताई विशीत असताना इमारतीत विजेच्या तारा बदलायला एक पोरगा आला होता. काम संपल्यावर त्याने आईजवळ ताईसाठी मागणी घातली. त्याच्या घरचं काही धड नाही असं कळलं म्हणून आईने नकार दिला. आणि त्यानंतर ताई उशीत तोंड खुपसून रडत होती, अन्नाला शिवली नव्हती. हे सगळं त्या बाईने इतकी वर्षं उरावर घेतलं होतं.

ताईला हसूच आलं. "आई, माझी अक्कलदाढ सुजली होती. तोंड उघडत नव्हतं माझं, जेवणार कशी? त्याच दाढेपायी मी दवाखान्यात गेले आणि तिथेच मला ह्या कामाचा पत्ता लागला."

आईने मान हलवली. "अजून लपवतेस. म्हणजे मनातून राग गेलेला नाही."

आता या बाईला काय म्हणावं? पोरगी खरं बोलली की आईला तो राग वाटायचा. ताई म्हणायची मला त्याचं तोंडही आठवत नाही, आई म्हणायची, बघ, नावसुद्धा नकोय तुला त्याचं. ताईने समजावून समजावून हात टेकले. आईने औषध घेणं सोडलं. चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. जिने पोरीचा संसार होऊ दिला नाही तिने जगून काय करायचं, असं पुटपुटायची.

भावाचा धीर सुटला. चांगला आहे तो, वाईट नाही, पण सगळ्या गोष्टी लवकर मिटाव्यात असं त्याला वाटतं. त्याने ताईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाला, एकदा म्हणून टाक ना माफ केलं म्हणून, तुझं काय जातंय? भावजयही म्हणाली, ताई, तुमच्या दोन शब्दांनी त्यांचा जीव शांत होणार असेल तर कशाला ताणता. मी तिथेच उभी होते. तुझं काय जातंय म्हणे! तिचं खरं, तेवढंच तर होतं तिच्याजवळ. मी तोंड उघडणार होते, ताईने डोळ्यांनी गप्प केलं.

तरी तिने लगेच हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या पलंगावर बसली, मी खिडकीपाशी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला इतकं लांब बोलताना मी ऐकलं. दुखावले नाही, कुणी फसवलं नाही, कुणाची वाट बघितली नाही, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आई, मी सुखात होते गं. तुझ्याबरोबर सुखात होते. मला आणखी कुणी नकोच होतं."

आईने भिंतीकडे तोंड केलं. "असं पोळलेलं माणूसच बोलतं," म्हणाली.

ताई बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिली. पाठीची हाडं मोजता येत होती. मग वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "हो आई. तो होता माझ्या मनात. पण तुझ्यावर राग नाही माझा. मी माफ केलं तुला."

आई वळली. काय तो चेहरा! म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिने ताईला जवळ ओढलं, कपाळाची पापी घेतली, सूप मागितलं. भाऊ दारात डोळे पुसत उभा. मला मात्र कुणाला तरी थोबाडीत मारावंसं वाटत होतं आणि कुणाला ते कळत नव्हतं.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर ठीक. पण आई सुधारली. डॉक्टरही चकित झाले. आई जेवायला लागली, बसायला लागली, आणि रोज संध्याकाळी ताईला म्हणायची, त्याचं सांग ना. कसा बघायचा, काय बोलायचा. ताई पुन्हा कामावर यायला लागली होती. एकदा मेण तापवता तापवता मला विचारते, तुझा नवरा सुरुवातीला काय बोलायचा गं तुझ्याशी? आता आमचे हे! मी आठवून आठवून सांगितलं. तुझ्या गल्लीतून जाताना सायकलची चेन मुद्दाम पाडायचो, हे वाक्य त्या वायरमनच्या तोंडी गेलं. माझा हात दारात चेंगरला तेव्हा ह्यांनी फुंकर घातली होती, ती फुंकरही गेली. सगळंच गोड नको म्हणून ताईने त्याला थोडं तोतरं केलं. आईला ते फार आवडलं. आम्ही दोघी हसलो त्यावर, नाही असं नाही.

मग हसता हसता ताई थांबली. म्हणाली, "एक सांगू? आई माझ्याकडे इतक्या मायेने कधीच बघत नव्हती. पत्ते खेळतानासुद्धा नाही."

आता हे थांबव, असं तिला म्हणायचं धाडस झालं नाही माझं. ताई वाळत चालली होती. कामात चुका व्हायला लागल्या. एक वरची कवळी परत आली, चावताना खालच्या दातांना टेकतच नव्हती. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

थंडी सरता सरता आई गेली. दुपारची वेळ होती, त्रास झाला नाही. जायच्या आधी ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "बरं झालं बाई, तुलाही ते कळलं होतं. मला वाटायचं, माझी पोर कोरडीच राहिली की काय." हे मला ताईनेच सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

त्यानंतर लोक भेटायला आले. खोली भरून गेली, जिन्यातही माणसं उभी होती. भाऊ आईबद्दल चार शब्द बोलायला उठला आणि बोलता बोलता त्या वायरमनवर आला. माझ्या बहिणीने एकाच माणसावर प्रेम केलं, त्याच्यासाठी आयुष्यभर एकटी राहिली, आणि आईला मोठ्या मनाने क्षमा केली. बायका रडायला लागल्या. मालकांच्या बायकोने मी म्हटलंच होतं अशा चेहऱ्याने सगळीकडे बघून घेतलं. डबेवाटप्या पुढे आला, मान खाली घालून म्हणाला, ताई, माफ करा, आम्हाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती खरी होती तेव्हा फ्रीज, आणि आता खोट्यावर हा मान! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लोक गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात कप धुवायला लागलो. भाऊ निरोप घ्यायला आत आला. ताईने नळ बंद केला.

"असं कुणी नव्हतं रे," ती म्हणाली. "मी आईसाठी बोलले. पुन्हा कुणाला सांगू नकोस."

भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या प्रेमाने, की मला त्याच्यावर धड चिडताही येईना. "ताई, आता तरी लपवू नकोस. तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. मरणाऱ्या आईशी कुणी खोटं बोलतं का?"

आणि तो गेला. त्याची पावलं जिन्यावरून खाली गेलेली ऐकू आली.

मी म्हटलं, ताई, तू गप्प बस, मी एकेकाला घरी जाऊन सांगते, त्या डबेवाटप्यापासून सुरुवात करते. ताईने मान हलवली.

"कुणाला सांगशील? जिला सांगायचं होतं तिला मी शेवटची संधी असताना खोटं सांगितलं. ती सुखाने गेली गं. आपल्या मुलीचा हात धरून गेली. फक्त ती मुलगी मी नव्हते."

तिने पुन्हा नळ सोडला आणि मी कप पुसत राहिले.