डोकं सुजत नाही

माझा थोरला भाऊ पहिलवान. त्याचा गुडघा सुजला तेव्हा गावानं त्याला महिनाभर आखाड्यात उतरू दिलं नव्हतं. वस्ताद रोज तेल घेऊन घरी यायचे. डोक्याला मात्र आमच्याकडे दोन जत्रांमधले दिवस पुरतात. का, तर डोकं सुजत नाही.

चैत्रात लातूर भागात जत्रांची रांग लागते आणि शेवटचा दिवस कुस्त्यांचा. आमच्या गावच्या जत्रेत दादा डोक्यावर आपटला, डोळे फिरले. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. दादा उठला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुद्ध आली म्हणजे मेंदू बरा झाला, हे शास्त्र आम्हाला कुणी शिकवलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात पुन्हा तेच, पुन्हा कांदा. संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मी त्याला लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "मार हलका आहे, पण पहिला भरून यायच्या आत दुसरा बसलाय. तिसरा बसू देऊ नका. मी सांगेपर्यंत कुस्ती बंद."

वस्तादांना हे सांगितलं तर ते हसले. "बसून राहिला तर भ्या बसतंय अंगात." अजूनही ते हसणं आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

आठवडाही झाला नव्हता. रेणापूरकडच्या एका जत्रेत आम्ही नुसते बघायला गेलो होतो. माईकवर दादाचं नाव पुकारलं, हलगी वाजू लागली. पुकारलेल्या पहिलवानानं मागं फिरायचं नाही, फिरला तर गावाची नाचक्की, असा आमच्याकडचा कायदा. ज्यांचं डोकं पणाला लागत नाही त्यांनी केलेला.

दादा हळूच मला म्हणाला, "डोकं लई जड हाय. आज नको रं."

मी म्हणालो, "नाव पुकारलंय दादा. एकच कुस्ती तर हाय. उतर."

तो उतरला. या खेपेला कांद्यानं काही झालं नाही.

त्याला आता नऊ वर्षं झाली. दादाला ऊन सोसत नाही, भांडं पडलं तरी तो चवताळतो, जेवून उठला की जेवायला कधी वाढता म्हणून विचारतो. वस्ताद येतात, त्याची पाठ थोपटतात, चहा पिऊन जातात. त्यांना घराबाहेर काढावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडानं काढू?

दादाला तो दिवस आठवत नाही. आल्यागेल्याला तो माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं सांगतो, "ह्यो मला उतरू देत नव्हता, मीच ऐकलं न्हाई." मी तिथंच बसलेला असतो. अजून एकदाही मी ते खोडून काढलेलं नाही.