टेलरकाकांच्या सहलीची ट्रायल

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले टेलरकाका ट्रायल घेतल्याशिवाय कुठल्याही कपड्याला पक्की शिलाई घालत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, आधी कच्चे टाके, मग आरशासमोर उभं करून खांद्यावरून हात फिरवणं. जरा हात वर करा, बसून दाखवा, आता शिंकून दाखवा. शिंकताना कोट कुठे ओढतो ते बाकीचे शिंपी बघतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ही सवय अंगात इतकी भिनलेली, की दाढ काढायची होती तेव्हा आदल्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर नुसतंच तोंड उघडून बसून आले होते. माणूस देवमाणूस, कुणाची चिंधीसुद्धा कधी मागे ठेवली नाही, पण घाबरट. हे त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, लग्नानंतर लवकरच कळलं आणि देवानं दिलंय ते गोड मानून त्यांनी निभावून नेलं.

काकू दुकानातली काज-बटणं करायच्या. त्यांचं मागणं फार नव्हतं. त्या भाजी घ्यायला गेल्या, प्रार्थनेला डोळे मिटून बसल्या, तरी कुणीतरी कानाशी येऊन विचारायचंच, "काकू, माझी पँट झाली का?" सख्ख्या मावशीच्या मयतालाही एकीनं डोळे पुसता पुसता विचारून घेतलं होतं. तेव्हापासून काकूंच्या मनानं एकच घेतलं होतं. एका उन्हाळ्यात चार दिवस फ्रेंच बोलणाऱ्या एखाद्या शहरात जायचं आणि नदीकाठच्या बाकावर बसून राहायचं. तिथे कुणी काही विचारलंच, तर ते आपल्याला कळणार नाही.

लग्नांचे दिवस सरले, दुकान थंडावलं, आणि काकांनी हो म्हटलं. तिकिटं काढली. काकूंनी देवाचे आभार मानून बॅग खाली काढली, तर काका म्हणाले, "आता ट्रायल."

पहिल्या ट्रायलला दोघं सामानसुमान घेऊन बसथांब्यापर्यंत गेले आणि बस आली तशी तिला नमस्कार करून परत आले. बॅगेचा पट्टा काखेत काचतो, असा दोष निघाला. तो दुरुस्त झाल्यावर दुसरी ट्रायल. दारात खुर्ची टाकून काकांनी आपल्या आईला विमानतळावरची अधिकारी केलं. आजींना काम सोपं होतं. पासपोर्ट बघायचा, एखाद-दुसरा प्रश्न विचारायचा आणि शिक्का म्हणून डब्याचं झाकण टेबलावर आपटायचं.

"कशाला आलात?" आजींनी विचारलं.

"फिरायला."

"आणि घरी आईला कोण बघतंय?"

काका गडबडले. "अगं, तूच तर म्हणालीस ना, शेजारची येईल सोबतीला."

"अगंबिगं म्हणायचं नाही. मी सरकार आहे."

झाकण काही आपटलं नाही. काकूंना मात्र आजींनी चकार शब्द न विचारता आत सोडलं, वर उन्हातून आलीस म्हणून पाणीही दिलं. काकांनी त्या रात्री पायरीवर बसून जेवण केलं. सकाळी लेखी अर्ज दिला, त्यात आईचा विसर पडणार नाही असं कबूल केलं, तेव्हा कुठे घरात घेतलं.

एवढ्यानं भागेल असं काकूंना वाटलं होतं. पण कपडा अंगात घालून चार पावलं चालल्याशिवाय त्याचं खरं रूप कळत नाही, असं काकांचं मत पडलं. म्हणून तिसरी ट्रायल पूर्ण चार दिवसांची. दुकानाचं शटर खाली, त्यावर "परगावी गेलो आहोत" अशी पाटी, दुकानामागच्या घराचे पडदे बंद. आजी खिडकीतून गल्लीला सांगायच्या, दोघं परदेशी गेलीत, आणि मागे वळून दोघांना दटावायच्या, आवाज करू नका.

घरात फ्रेंचशिवाय बोलायचं नाही असा नियम होता. काकांना बोंझूर, मर्सी आणि संडास कुठे आहे, एवढंच येत होतं, त्यामुळे ते दिवसभर स्वतःच्याच घरात संडास कुठे आहे ते विचारत हिंडायचे. आजी खांदे उडवायच्या. न्याहारीला गार कॉफी आणि सुका पाव, तोही उभ्यानं, कारण तिकडे असंच असतं असं काकांनी कुठेतरी ऐकलं होतं. दुपारी स्थळदर्शन. छतावरच्या ओलीच्या डागाकडे बोट दाखवून काका हे फार जुनं चित्र आहे असं हातवारे करून सांगत आणि काकू मान वर करून बघत. गॅसवर दूध नाही, भांड्यांचा ढीग नाही, तरी बाईमाणसाला इतकं दमायला झालं नव्हतं कधी.

शेवटच्या दिवशी काकांनी मशीनचा बाक खिडकीशी ओढला, न्हाणीघरातला नळ थोडा सोडला आणि काकूंना हातानं खुणावलं. नदी वाहत होती. काकू बाकावर बसल्या, डोळे मिटले. तेवढ्यात शटर वाजलं. बाहेरून कुणीतरी पाटी न वाचताच विचारलं, "काकू, माझी पँट झाली का?" त्यातला शब्द न् शब्द त्यांना कळला.

तरीही त्यांनी सोसलं, कारण काकांनी खऱ्या सहलीचा शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तसा शेजारचा इस्त्रीवाला धावत आला, कशी झाली सहल म्हणून. चार दिवस घरात दडून होतो हे काकांच्या तोंडून निघेना. ते म्हणाले, "हवा छान होती." मग कोपऱ्यावरचा औषधवाला आला. त्याला काकांनी नदी सांगितली. अगदी खोलीला लागून, रात्रंदिवस आवाज. मग छतावरची जुनी चित्रं सांगितली. दुपारपर्यंत दुकानात बसायला जागा नव्हती आणि काकांच्या बोलण्यात असा रंग भरला होता, की आजीसुद्धा ऐकायला येऊन बसल्या.

संध्याकाळी काका खुशीत काकूंना म्हणाले, "फिटिंग उत्तम बसलंय बघ. गल्लीला पटलं, मलाही पटलं. आता खरंच जाऊन वेगळं काय बघणार? तिकिटं परत देऊन टाकू."

काकूंनी हातातली सुई खाली ठेवली. ओठातल्या ओठात देवाचं नाव घेतलं आणि उठून खुंटीवरचा कोट काढला. त्याची सकाळीच ट्रायल झाली होती, टाके अजून कच्चेच होते. तो त्यांनी काकांपुढे धरला.

"हा उद्या देऊन टाका."

"कच्च्या टाक्यांवर? पहिल्या शिंकेला बाही हातात येईल त्याच्या."

"ट्रायल झाली ना? अंगाला बरोबर बसला ना?"

काकांनी कोटाच्या कच्च्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"एवढ्या वर्षांत एका गिऱ्हाइकाला तुम्ही असा कपडा दिला नाहीत," काकू म्हणाल्या. "मला तेवढा देताय."

काकांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग खालच्या मानेनं म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"ठाऊक आहे मला. भीत भीत चला. मी काही नका भिऊ असं म्हटलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात दोघं विमानतळाच्या बसपाशी उभी राहिली, तेव्हा निरोप द्यायला सगळी गल्ली लोटली होती. महिना उलटला नाही तोच पुन्हा तिथेच, म्हणजे जागा काय असेल, असं जो तो म्हणत होता. औषधवाल्यानं तर पुढच्या वर्षी आम्हालाही जायचंय म्हणत विमानातून उतरल्यावर नेमकं कुठे वळायचं ते विचारलं. काकांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "सरळ," ते म्हणाले.

बस हलली. काकांनी काकूंचं कोपर घट्ट धरलं आणि कुजबुजले, "अगं, आता पुढे काय करायचं?"

"मला काय विचारता? मीसुद्धा पहिल्यांदाच चाललेय," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे सरकून बसल्या.