निघताना ‘येते’ म्हणू नये

गेल्या पौषापासून श्रावणापर्यंत मी देवीशी बोलत नव्हते. दिवा रोज लावत होते, फूल वाहत होते, शुक्रवारी तसबिरीला गजराही घालत होते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये इतकी व्यवस्था चोख होती. पण हात जोडल्यावर आपण मनातलं जे दोन शब्द बोलतो, ते मात्र येत नव्हते. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "आईशी कट्टी घेतली आहेस का?" मी म्हटलं, "तुम्ही चहा घ्या." चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना एवढं कळतं, की चहा घ्या म्हटलं की विषय संपला.

कट्टी का होती, ते सांगायला हवं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका संस्थेचं काम करते. अंथरुणाला खिळलेल्या, औषधांनी आता फारसा फरक पडणार नाही अशा रुग्णांच्या घरी आमची माणसं आठवड्यातून एकदा जातात. नर्स वेगळी जाते. ती जखमा बघते, औषधं बघते. आम्ही व्हॉलंटियर नुसते बसतो, ऐकतो, कधी केस विंचरून देतो, कधी घरच्या बाईला तासभर बाहेर जाऊन येऊ देतो. ऐकायला सोपं वाटतं, आणि म्हणूनच नव्या लोकांना आधी शिकवावं लागतं. ते शिकवणं माझ्याकडे आहे. बत्तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे समोर माणसं ओळीत बसलेली दिसली की मला बरं वाटतं. रुग्णाला ‘बरे व्हाल’ म्हणायचं नाही. शेजारच्या काकूंचा काढा सुचवायचा नाही. पलंगावर बसायचं नाही, खुर्ची मागून घ्यायची. असे नियम मी फळ्यावर लिहायचे आणि माझ्या अक्षरावर मीच खूश असायचे.

माझ्याकडे चेंदणी कोळीवाड्यातल्या हिराबाई होत्या. दर सोमवारी दुपारी चार वाजता मी त्यांच्याकडे जायचे. जन्मभर मासळी विकलेली बाई. पोटाच्या दुखण्यानं अर्धी झाली होती, तरी आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. मला त्या ‘बाय’ म्हणायच्या. त्यांच्या पलंगासमोर कार्ल्याच्या एकवीरेची तसबीर होती. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, की आमचीही कुलदेवी हीच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मंग तू पाव्हनी नाय, घरचीच." आम्ही नौपाड्यातले लेखणीवाले, त्या खाडीवरच्या, पण आई एक निघाल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. मला सुके बोंबील आवडतात, हे त्यांनी दुसऱ्याच सोमवारी माझ्याकडून काढून घेतलं. "तुज्यासाठी ठेवीन," म्हणाल्या.

पौषातल्या एका सोमवारी निघताना मी नेहमीसारखं म्हटलं, "येते हं." आपल्याकडे ‘जाते’ असं कुणी म्हणत नाही. उंबऱ्यावर अशुभ बोलू नये म्हणून आईनं लहानपणीच जीभ वळवून ठेवलेली असते. माझ्या तोंडून तो शब्द सवयीनं निघाला. हिराबाईंनी मात्र माझा हात धरून विचारलं, "येशील ना?" मी पुन्हा म्हटलं, "येते."

पुढच्या सोमवारी मी गेले नाही. ताप नव्हता, पाहुणे नव्हते. पुढच्या तुकडीच्या प्रशिक्षणाची टिपणं लिहायची राहिली होती, आणि टेबलाशी बसले ती उठवेना. एक सोमवार चुकला तर काय बिघडतं, असं मनाशी म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण त्या दुपारी मी जे पान लिहीत होते, त्याचा मथळा ‘नियमितपणा’ असा होता. गुरुवारी हिराबाई गेल्या. त्यांच्या सुनेनं फोनवर कळवलं आणि शेवटी म्हणाली, "सोमवारभर दाराकडं बघत होत्या."

मी दहाव्याला गेले नाही, तेराव्याला गेले नाही. सुनेचे नंतर दोन फोन आले, ते उचलले नाहीत. ती मला बोलेल याची भीती नव्हती. ती काही न बोलता चहा करील, याची होती. आणि देवीवर राग असा, की तिनंच तर मला त्या घरात घरची केलं होतं, मग त्या दुपारी मला टेबलावरून उठवायला तिला काय झालं होतं? आपलं खापर देवाच्या डोक्यावर फोडणं माणसाला छान जमतं. मलाही जमलं. आणि फळ्यावर एक नवा नियम आला. निघताना ‘येते’ म्हणू नये, ‘निघते’ म्हणावं.

श्रावणातली तुकडी ही माझी शेवटची, असं मी ठरवलं होतं. राजीनाम्याचं पत्र पर्समध्ये तयार होतं. जी स्वतः गेली नाही, तिनं दुसऱ्यांना जायला शिकवू नये, इतकं साधं गणित. ते प्रशिक्षण खरं तर डोंबिवलीला व्हायचं होतं. तिथल्या हॉलची पाण्याची मोटर बिघडली, म्हणून आदल्या दिवशी ते नौपाड्यात आमच्या कार्यालयाच्या वरच्या खोलीत हलवलं. यादीत चौदा नावं होती. आमच्या कार्यालयातल्या शिपायांनी, सावंतांनी, खुर्च्या मांडल्या पंधरा. "सावंत, एक जास्त आहे, उचला," मी म्हटलं. ते "हो बाई" म्हणाले आणि खाली गेले ते गेलेच. जास्तीची खुर्ची माझ्या डोळ्यांत खुपते, पण तोवर मंडळी येऊ लागली होती.

अर्धा तास झाल्यावर पन्नाशीच्या एक बाई दारात आल्या. हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, जिना चढून दमलेल्या. उशीर मला खपत नाही. "बसा, आणि पुढच्या वेळी वेळेवर या," मी म्हटलं. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, मग माझा चेहरा पाहून मुकाट्यानं त्या पंधराव्या खुर्चीवर बसल्या.

शिकवत शिकवत मी शेवटच्या नियमाशी आले. डोंबिवलीची तन्वी म्हणून एक मुलगी होती, ती म्हणाली, "मॅम, पण ‘निघते’ किती रूड वाटतं. माझी आजी तर मला परत आत बोलवून नीट बोलायला लावेल." सगळे हसले. मी हसले नाही. तुमच्यासाठी तो नुसता रिवाज असतो, पडून असलेल्या माणसासाठी ते वचन असतं, असं मी म्हटलं आणि गोष्ट सांगितली. एक कार्यकर्ती होती, चेंदणीतल्या एका आजारी कोळीणबाईंकडे सोमवारी जायची. एकदा ‘येते’ म्हणाली आणि गेलीच नाही. त्या बाई दिवसभर दाराकडे बघत राहिल्या आणि तीन दिवसांनी वारल्या. ‘एक कार्यकर्ती’ असंच म्हटलं. आधीच्या तुकडीलाही तसंच सांगितलं होतं. दोघातिघांनी ते वहीत उतरून घेतलं. गोष्ट परिणामकारक झाली याचं मला त्याही क्षणी थोडं समाधान वाटलं, हेही कबूल करते.

तेव्हा मागच्या खुर्चीवरच्या बाई उभ्या राहिल्या. "म्याडम, मी शिकायला नाय आले. मी सुगंधा. तुमच्या इथून आईसाठी वॉकर नेलेला, तो वर्षभर माळ्यावर पडलेला. तोच परत द्यायला आलेली विठ्ठलवाडीवरून. सामानाचं बघतात त्या बाई आज सुट्टीवर आहेत, खालचे काका बोलले वर जाऊन विचारा." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण ही गोष्ट माझ्या आईची आहे. आणि ती तुम्ही अर्धीच सांगितलीत."

माझ्या हातात खडू होता. तो मी खाली ठेवला की तसाच धरून उभी होते, ते आता आठवत नाही.

"त्या सोमवारी मी तिथंच होते," सुगंधा म्हणाली. "एरवी मी रविवारी जायची, म्हणून त्या बाईंना मी कधी बघितलेलं नाय. आई चार दिवस काय खात नव्हती. त्या दिवशी सकाळी बोलली, मना आंघोळ घाला, बाय येनार हाय. वेणी घालून घेतली. गजरा मागितला. वाटीभर पेज प्यायली. दुपारभर आमच्याशी बोलत बसलेली, माझ्या लग्नाचं, बाबांच्या होडीचं. दाराकडं बघत होती हे खरं, पण रडत नव्हती, खुशीत होती. असा दिवस आम्हाला परत नाय मिळाला. ती बाई ‘येते’ बोलली, म्हणून तेवढा तरी मिळाला."

"आणि संध्याकाळी?" मी विचारलं.

"संध्याकाळी वहिनी बोलली, आता काय येत नाय ती. तर आई बोलली, ‘येते बोललीय ना, मंग येल. तिचं तिला नाय जमलं, तं आय आनंल तिला.’" सुगंधानं समोर भिंतीवर तसबीर असावी तसा हात वर केला. "वहिनीला सांगून ठेवलं, मी नसले तरी ती येल, तिला चहा दे, बोंबील ठेवलेत ते दे. वहिनीनं फोनपण केलेले. मीपण आज ऑफिसात विचारणार होते, ती नौपाड्याची बाय कोण म्हणून."

चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. चौकशी करून कळवते, असं म्हणून सुगंधाला खाली पाठवता आलं असतं. ते माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात माझी नजर तिच्या मागच्या त्या रिकाम्या खुर्चीवर गेली. मी उचला म्हटलेली आणि सावंत विसरले ती खुर्ची. ती नसती तर सुगंधा दारातूनच वॉकरचं विचारून गेली असती. डोंबिवलीची मोटर बिघडली नसती तर मी त्या खोलीत नसते. त्या सामानवाल्या बाई रजेवर नसत्या तर सुगंधा वर आलीच नसती. सात महिने मी जिच्याशी बोलत नव्हते, ती सगळा वेळ माझ्या वाटेवरच्या वस्तू इकडच्या तिकडे सरकवत होती असं मला वाटलं. कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही.

"ती मीच," मी म्हटलं. मग सगळ्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा म्हटलं, "सुगंधाताई, ती कार्यकर्ती मीच."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिनं दोषही दिला नाही. पदर सारखा करत म्हणाली, "मग चला. चहा राहिलाय तुमचा."

तास अर्ध्यावर सोडून मी आयुष्यात कधी उठले नव्हते. तन्वी म्हणाली, "मॅम, तुम्ही जा, आम्ही बसतो." मी सुगंधाबरोबर निघाले. नौपाड्यातून चेंदणीला रिक्षानं पाच-दहा मिनिटं. एवढंसं अंतर, आणि मला सात महिने लागले. दारात सून उभी होती. मला बघून ती एवढंच म्हणाली, "उशीर केलात." मी खुर्ची मागितली नाही. जिथं हिराबाईंचा पलंग होता, तिथं जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले. सुनेनं चहा ठेवला. मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी आणली. चैत्रात काढून बोंबलांना पुन्हा ऊन दाखवलं होतं, म्हणाली, नाहीतर तुम्ही येईपर्यंत टिकले नसते. मी येईनच, असं त्या घरानं धरून ठेवलं होतं. श्रावण असल्यामुळे पुडी महिनाभर माझ्याकडे तशीच राहिली, हे ऐकून हिराबाई नक्की हसल्या असत्या.

निघताना मी उंबऱ्यावर थांबले. समोर तसबिरीतली आई, खाली सुगंधा आणि सून. "येते," मी म्हटलं. सून म्हणाली, "या."

पुढच्या शनिवारी मी तो नियम फळ्यावरून स्वतः पुसला. निघताना ‘येते’ म्हणा, असं आता मी सांगते, आणि मग खरंच जा. कधी पाय अडलाच तर लपून बसू नका, उशिरा का होईना, जा. कार्ल्याला जाणारे म्हणतात, की आईचं बोलावणं आल्याशिवाय गड चढणं होत नाही. मी ते जन्मभर ऐकत आले आणि मला वाटायचं, हे फक्त गडाबद्दल आहे. नियम मी लिहायचे, तुकड्या मी घडवायचे, सोमवार मी ठरवायचे आणि मीच चुकवायचे, सगळा कारभार माझाच. कुणाच्या दारात आपल्याला नेऊन उभं करणारी कुणी दुसरीच आहे, हे मला शाळा न शिकलेल्या एका बाईनं शिकवलं, तेही ती गेल्यावर. राजीनाम्याचं पत्र अजून पर्समध्ये आहे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी परवा वाण्याची यादी केली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले, दिवा लावला आणि हात जोडले. सात महिन्यांचं बोलायचं साठलेलं होतं. क्षमा मागायची होती, आभार मानायचे होते, थोडं भांडायचंही होतं. ह्यांनी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी केलेला मला कळलं. मी तिच्याकडे बघितलं आणि एकच शब्द आला.

"आले."