गाडीचा खांदा

ग्रीसवरून माझ्याशी वाद घालायचा असेल तर माणसानं घरून दोन दिवसांची भाकर बांधून यावं. मी चिमूटभर ग्रीस अंगठ्यात आणि बोटात चोळून त्याचं गाव, कूळ आणि सासरवाडी सांगतो. जालन्याला मस्तगडात सुट्या भागांचं दुकान चालवणारे एक शेठ आहेत. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडं आले आणि तेव्हापासून त्या घराण्यात दुकानात बसून कुणी हसलेलं नाही. पण मी पायरी चढलो की शेठ गल्ला सोडून बाहेर येतात, कारण एक डबी घ्यायला मी अकरा डब्या उघडतो. "तुम्ही ग्रीस घेऊन राह्यले का पोरीला स्थळ पाहून राह्यले?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, शेठ, स्थळ चुकलं तर पोरगी माहेरी परत येते. ग्रीस चुकलं तर माणूसच परत येत नाही. त्यावर शेठ हसले. त्या दिवशी मस्तगडात दुकानं अर्धा दिवस बंद होती म्हणतात.

आता हे असं आहे. मी अंबडला कोर्टाबाहेर टेबल मांडून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. दिवसभर लोकांचं 'सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की' बोटांनी बडवायचं, मग चहाच्या वेळी माणसाची जीभ जरा मोकळी सुटणारच. सकाळपासून टाइप केलेल्या सत्याची भरपाई मी चहाच्या बाकड्यावर करतो. माझ्या गोष्टीला मूळ असतं, खोटी गोष्ट मी सांगत नाही. फक्त मुळाला पाणी जरा जास्त घालतो. गाव अंबडहून बारा किलोमीटर, रोजचं येणं-जाणं मोटारसायकलवर, आणि गाडीचं सगळं काम घरीच. मिस्तरीच्या हाती मी गाडी दिली नाही. चाक खोलणं, बेरिंग डिझेलनं धुणं, ग्रीस भरणं, हे मी रविवारी अंगणात करतो आणि त्या दिवशी घरात कुणी पाहुणा आला तर त्याला पाना धरावाच लागतो.

वंगणाचं हे वेड मला वडलांकडून आलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा बैलगाडीचं वंगण घरी करायचे, एरंडीचं तेल आणि जळक्या चिपाडांची काजळी घोटून. ते वंगण घातलेली गाडी रस्त्यानं गेली तर आवाज फक्त घुंगरांचा यायचा, चाकं फिरताहेत की नाही हे वाकून बघावं लागायचं. आसपासच्या गावचे लोक नारळाची करवंटी घेऊन वंगण मागायला यायचे. आबा द्यायचे, पण आधी विचारायचे, गाडी कोणती, चाक किती जुनं, वजन काय नेता. ज्याच्या त्याच्या आसाला ज्याचं त्याचं वंगण, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांना जन्मभर पुरलं.

मग आबांचे गुडघे गेले. आई आधीच गेली होती. मी कोर्टात, माझी बायको शेतात, बैलांचं करणार कोण? शेत तर भाड्याच्या ट्रॅक्टरनं होत होतं. बैल विकायचं मी काढलं आणि आबा हो म्हणाले. जाफराबादकडचा एक शेतकरी जोडी घेऊन गेला. त्या दिवशी आबा जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. आम्हाला वाटलं, निभावलं.

पण तेव्हापासून त्यांनी काही मागणं सोडलं. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर विचारायचे नाहीत. चष्म्याची काडी मोडली तर दोरा बांधला, मला सांगितलं नाही. माझ्या गाडीवर तर ते कधी बसलेच नव्हते. चल म्हटलं की म्हणायचे, तू हो पुढं.

गोठा रिकामा झाला म्हणून मी मोटारसायकल तिथं लावायला लागलो, पाऊस लागत नाही म्हणून. त्यात माझा दुसरा काही हेतू नव्हता. पण आबा सकाळी उठून गोठा पहिल्यासारखा झाडायला लागले. गाडीच्या बाजूनं, तिला धक्का न लावता. बायको म्हणाली, जाता-येता सीटवर थाप मारतेत. मी हसलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा गरम पाण्यात पळसाचं पान बुडवून शेकायचा, त्याला हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैल गेल्यानंतरचा तो पहिला पोळा. संध्याकाळी मी अंबडहून आलो, गाडी लावून हातपाय धुतले, तर बायकोनं डोळ्यानंच गोठ्याकडं खूण केली. आबा गाडीजवळ पाटावर बसले होते. शेजारी पाण्याचं वाफाळतं तपेलं, पळसाची पानं आणि वाटीत हळद-तूप. ते गाडीला पुढून मागून निरखत होते.

"याचा खांदा कुठंय रे?" त्यांनी मला विचारलं.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी शहाणा नव्हतो, मी गमत्या होतो. अगदी गंभीर तोंड करून मी म्हटलं, आबा, याचा खांदा मागं असतो, सगळं वजन मागच्या चाकावर. आणि चहा प्यायला आत गेलो. आत जाऊन पोट धरून हसलो ते वेगळंच.

आबांनी मागच्या चाकाचा मधला भाग शेकला. हळद-तूप चोळलं. पण ते वंगणवाले. वरवर चोपडणं म्हणजे त्यांच्या लेखी फसवणूक. मागच्या ब्रेकच्या ड्रमला एक बारकं रबरी बूच असतं, ते त्यांना सापडलं. ते काढून उरलेलं तूप पातळ करून त्यांनी आत सोडलं, बूच नीट बसवलं आणि गाडीला आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ आणायला मी अंबडला निघालो. गावाबाहेर उतार आहे. तिथं मागचा ब्रेक दाबला तर गाडी आणखी खुशीत आली. खरं सांगायचं तर झालं काहीच नाही. पुढचा ब्रेक धरत धरत मी सावकाश जाऊन एका कडब्याच्या गंजीला टेकलो. ढकलत घरी आणली, ड्रम खोलला तर आत गावरान तुपाचा घमघमाट. मुंग्यांची रांग लागलेली. मांजर येऊन चाकापाशी बसलं.

मी आबांना समजावलं की बेरिंग ओलं लागतं, पण ब्रेकचं लायनर कोरडं ठक्क लागतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"म्हंजी मी तुला मारूनच टाकलं असतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, न्हाई हो आबा, काई झालं न्हाई. आणि लायनर आणेपर्यंत गाडी घरी ठेवून जीपनं अंबडला जाऊ लागलो.

बाकड्यावर कुणीतरी विचारलं, आज जीपनं कसे काय. बस्स. एवढंच निमित्त. मी गोष्ट सोडली. त्या गोष्टीत आबांनी गाडीच्या हँडलला शिंगं समजून रंग दिला. अंगावर झूल घातली. पेट्रोलच्या टाकीत सात पुरणपोळ्या कोंबल्या. गाडीनं ढेकर दिला. सकाळी किक मारली तर ती म्हणाली, आज पोळा आहे, आज माझी सुट्टी. वकील हसले, अशील हसले, चहावाल्याचं दूध उतू गेलं. मी ती गोष्ट त्या आठवड्यात रोज सांगितली आणि रोज एक पुरणपोळी वाढवली.

त्याच आठवड्यातला रविवार मात्र माझ्या आयुष्यातला चांगला रविवार होता. लायनर बदललं, चाक उतरवलं, बेरिंग धुवून फडक्यावर ठेवलं. आबा काठी टेकत आले आणि पाटावर बसले. म्हणाले, "मंग याला कोणतं वंगण लागतं, ते तरी दाखव."

मी मस्तगडाहून आणलेली डबी उघडली. सांगितलं की चाक पळून पळून तापतं, म्हणून बैलगाडीचं साधं काळं ग्रीस चालत नाही, पातळ होऊन गळतं. हे लिथियमचं, उष्णतेला दाद देत नाही, पाण्यानंही धुऊन जात नाही. आबांनी ते बोटावर घेतलं, दोन बोटं हळूच दूर केली, मधला धागा तुटेपर्यंत बघितला. "तार धरतंय," म्हणाले. "पाकावानी." मग त्यांनी माझ्या हातातून बेरिंग काढून घेतलं. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेरिंग, आणि तळहातावर ते दाबत दाबत ओढायचं. असं पाच-सहा वेळा केलं तर एका बाजूनं आत गेलेलं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बेरिंगच्या छर्ऱ्यांमधून बरोबर वर आलं. कुणी शिकवलं नव्हतं. मी वर आणखी थापायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली.

"उगं थापू नको. वंगण पोटात पाहिजे, अंगावर न्हाई. जास्ती झालं की तेच बाहेर येऊन घाण करतं."

चाक चढवलं. त्यांनी ते हातानं फिरवलं आणि कान लावला. बराच वेळ फिरत राहिलं. आवाज काही नव्हता. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाजाराला जाशील तवा मला घेऊन चल."

बैल गेल्यावर त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

बाजाराच्या दिवशी आबा माझ्यामागं बसले. स्वच्छ धोतर, टोपी, दोऱ्याचा चष्मा. वाटेत दोनदा म्हणाले, बिलकुल वाजत न्हाई. मी ताशी वीसच्या पुढं नेली नाही. त्या दिवशी आम्हाला एका सायकलवाल्यानं ओव्हरटेक केलं आणि बकरीनंसुद्धा. मी तोंड वर करून गाणं म्हणत होतो. बाकड्यावरची गोष्ट माझ्या डोक्यातही नव्हती. सांगणाऱ्याचं असंच असतं, सांगून झालं की तो मोकळा.

कोर्टापाशी आलो तर एक घाईचं प्रतिज्ञापत्र हाती आलं. मी आबांना म्हटलं, तुम्ही चहा घ्या तवर. ते बाकड्यावर जाऊन बसले. पुढचं मला चहावाल्यानं नंतर सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. कुणीतरी विचारलं, बाबा कोणाचे? त्यांनी माझं नाव सांगितलं. अभिमानानंच सांगितलं असणार. त्यावर एकजण म्हणाला, अरे, हेच का ते? मग बाबा, गाडीनं यंदा पुरणपोळ्या किती खाल्ल्या? सगळं बाकडं हसलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. एकानं ढेकरसुद्धा काढून दाखवला. आबाही थोडे हसले म्हणे. चहा पूर्ण प्यायले, कप जागेवर ठेवला.

मग माझ्या टेबलापाशी आले. "मी जीपनं जातो. तुला टाइम लागल," एवढं म्हणाले. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. पण ते निघाले होते.

त्यानंतर ते गोठ्यात गेले नाहीत. झाडणं बायको करायला लागली. मी माफी मागितली, पण मला माफी मागण्याची एकच रीत येते, आणखी एक गोष्ट सांगण्याची. मी सांगितलं, आबा, ते तुम्हाला न्हाई, मला हसले. मीच तसा थापाड्या, साऱ्या तालुक्याला माहीत आहे. ते म्हणायचे, बराबर हाय. रविवारी मी मुद्दाम पुढच्या चाकाचं बेरिंग ओट्यावर घेऊन बसायचो, मुद्दाम चुकीचं भरायचो, वरून थापायचो. ते बघायचे आणि नजर दुसरीकडं न्यायचे. बाकड्यावर ती गोष्ट मी बंद केली. लोकांनी केली नाही. वर्षानं जाफराबादचा एक अशील मला तीच गोष्ट त्याच्या गावातली म्हणून सांगायला लागला. त्याच्या गोष्टीत म्हातारा वेडाच होता. तोंडातून सुटलेल्या गोष्टीवर मनाई हुकूम मिळत नाही. मिळत असता तर अर्ज मी फुकट टाइप केला असता.

दोन वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. त्या वर्षीच्या खांदेमळणीला मी कोर्टात गेलोच नाही. गाडी धुतली, उंबऱ्यावर फळी टाकून आत घेतली आणि त्यांच्या बाजेला लावून उभी केली. पाणी तापवलं, पळसाची पानं आणली, हळद-तूप कालवलं. बायकोला मुद्दामच शेजारी पाठवलं होतं.

"आबा, खांदा मळायचा ना?"

त्यांनी गाडीकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. हात चादरीतून थोडा बाहेर आला.

"नको लेका," म्हणाले. "हसतेत."

"कोण हसतंय? घरात दुसरं कोणीच न्हाई."

"तू हायेस की."

रागानं म्हणाले असते तर मी निभावलं असतं, रागाला माझ्याकडं शंभर उत्तरं आहेत. पण ते अगदी साधं बोलले, एखाद्याला वाटेतला खड्डा दाखवावा तसं. आणि हात परत चादरीत घेतला.

मी बसून राहिलो. तपेल्यातलं पाणी कोमट झालं, मग गार. शेवटी मी गाडी आल्या वाटेनं बाहेर नेली, मागच्या चाकाला हात लावून फिरवलं, आणि आवाज येतो का ते ऐकत गोठ्यात उभा राहिलो. आवाज काहीच नव्हता. त्यांनी भरलेलं ग्रीस अजून आत तसंच होतं, कुठं गळलं नव्हतं. ते सांगायला मी आत आलो तर आबांनी तोंड भिंतीकडं केलेलं होतं.