वरच्या सा-नंतर

केडगावातले आमचे शेजारी शामकांतकाका गाण्याचे मास्तर. अकोले तालुक्यातल्या एका शाळेत उभी हयात शिकवून निवृत्त झाले. शिस्तीला भलतेच कडक. रागाचा आरोह-अवरोह, म्हणजे स्वरांची चढण आणि उतरण, पक्की झाल्याशिवाय बंदिशीचं नाव काढायचं नाही. या हट्टापायी एकेक विद्यार्थी गळाला आणि शेवटी उरली एकटी रुपाली.

रुपाली त्यांच्या शाळेतलीच. आता भंडारदऱ्याला पर्यटकांना जेवण करून घालते. दुपारची भांडी उरकली की गच्चीवर बसून मोबाईलवर सरांकडून भीमपलास शिकते. तिथल्या रेंजबद्दल न बोललेलंच बरं. काका आरोह म्हणत चढायचे, वरच्या सा-वर मनसोक्त रेंगाळायचे आणि तेवढ्यात फोन मुका व्हायचा. आवाज परत आला की विचारायचे, "कळलं का?"

"व्हय सर."

मग ती गायची. तिचाही आवाज वर जाऊन गडप व्हायचा. काका म्हणायचे, "छान!"

वर्षभर भिंतीपलीकडून मी हे ऐकत आलो. गेल्या महिन्यात काकांनी जाहीर केलं, "हिचा भीमपलास एकदा समोर बसून ऐकतो. झाला असेल तर शिकवणं बंद. थकलो आता." मला फार वाईट वाटलं. तरी गाडी मीच काढली.

रुपालीने गच्चीवर सतरंजी अंथरली. सरांच्या पाया पडून, डोळे मिटून ती चढली. नि सा ग म प नि सां. काय सुरेख! मग उतरली. सां नि प म ग सा.

काकांचा हात मांडीवरच थांबला. "अगं, धैवत कुठाय? रिषभ? भीमपलासात हे दोन स्वर चढताना सोडायचे, पण उतरताना घ्यायचे. तू गातेस तो धानी राग झाला!"

"सर, उतरन मला कधी ऐकूच आली न्हाई. जशी चढले तशी उतरले."

"मग कळलं म्हणून कशाला सांगायचीस?"

"तुमास्नी न्हाई कसं म्हनू?" ती हळूच म्हणाली, "पन सर, तुमी तरी छान कशाला म्हनायचा?"

मी मान वळवून धरणाकडे बघत राहिलो. हसू आवरेना. काका आधी कानापर्यंत लाल झाले, मग स्वतःच खो खो हसले. रुपालीच्या डोळ्यांत मात्र पाणी. "म्हंजे वरीस वाया गेलं?"

"वाया कसं? एक राग फुकटात पदरात पडला की तुझ्या."

मग त्यांनी उतरण सांगितली. धैवतावर टेकून खाली, शेवटी रिषभाला हात लावून सा. रुपाली मागोमाग गेली. पहिल्यांदा अडखळली, नंतर अगदी नीट उतरली. मलाही कळलं, झालं. काकांनाही कळलं असणार. ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि सवयीने विचारलं, "कळलं का?"

रुपालीने तोंड उघडलं, सरांच्या चपलांकडे पाहिलं.

"न्हाई सर. परत सांगा."

काकांनी चपला काढल्या.