निळा वधस्तंभ

आमच्या वस्तीत नाताळ जवळ आला की करंज्यांच्या आधी चुन्याचा वास यायचा. नाशकातल्या थंडीत गार पाण्यात हात घालून भिंती रंगवायची हौस तुम्हालाच, असं शेजारच्या काकू म्हणायच्या. त्यांचं रंगकाम दिवाळीलाच आटोपलेलं असायचं, त्यामुळे ओट्यावर उन्हात बसून त्या आमची गंमत बघायला मोकळ्या. आमच्या घरी चुना लावायचं काम आईचं. पप्पांकडे ते एकदाच गेलं होतं, आणि त्यावरून होणारी चेष्टा त्यांना जन्मभर पुरली.

ते माझ्या धाकट्या भावाच्या जन्माचं वर्ष. आई बाळंतीण, बाळ जेमतेम महिन्याचं, आणि नाताळ तोंडावर आलेला. पप्पा देवळाली कॅम्पला एका ऑफिसात कारकून होते. कामात एकदम चोख, पण चुन्यात नीळ किती घालायची हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुडीच्या पुडी रिकामी केली. भिंत वाळली तेव्हा आई बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत आली, बघतच राहिली आणि म्हणाली, "अहो, घर रंगवलंत की धुणं भिजवलंत?" पप्पा ओशाळले. मग त्यांनी सागाच्या फळीतून स्वतः तासून केलेला वधस्तंभ आणला, त्या निळ्याशार भिंतीवर टांगला आणि म्हणाले, "आता बघ कसा शोभतोय." खरंच शोभत होता. भाऊ पाळण्यात पडल्यापडल्या तिकडेच टक लावून असायचा.

पुढच्या वर्षी आईने भिंत पांढरी केली. पण वधस्तंभ खाली काढायला पप्पांनी मनाई केली. "एकदा लावला की उतरवायचा नसतो," म्हणाले. हा कायदा बायबलमध्ये कुठेही नाही. आमच्या चर्चमधल्या पाळकांना मी पुढे विचारलं तर ते हसायलाच लागले. तो पप्पांनी आपल्या मनाने काढला होता, आणि वस्तीतल्या आणखी दोनचार घरांनी तो उचललाही होता. आई मात्र दर वर्षी निमूटपणे लाकडाच्या कडेपर्यंत कुंचा न्यायची आणि तिथून वळवायची.

भाऊ नुकता शाळेत जायला लागला होता. त्या पावसाळ्यात तो तापाने गेला. दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली, वस्तीतली माणसं येऊन गुडघे टेकून प्रार्थना करून गेली. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या वधस्तंभाखाली बसून होती.

माती देऊन आम्ही घरी आलो. आईने स्टूल ओढलं, वर चढली आणि वधस्तंभ खिळ्यावरून काढून पप्पांच्या हातात दिला.

"याच्याखाली बसून मागितलं होतं मी," ती म्हणाली. "आता माझ्या डोळ्यांसमोर नको."

पप्पांनी कायद्याबियद्याचं काही काढलं नाही. आपल्या मफलरमध्ये तो गुंडाळून त्यांनी ट्रंकेत ठेवला. मग मी वर पाहिलं, तर भिंतीवर वधस्तंभ होताच. निळा. लाकडाआड राहिलेली पहिल्या वर्षाची ती नीळ, आणि तिच्या चहूबाजूंनी नंतरच्या चुन्याचे पांढरे थर.

आईने देवळात, म्हणजे चर्चला, येणं सोडलं. रविवारी पप्पा आणि मी दोघंच जायचो. कोणी विचारलं तर "तिला बरं नाही" असं पप्पा सांगायचे. मंडळीतल्या बायका घरी येऊन "देवाची इच्छा" म्हणायच्या, पदराने डोळे पुसायच्या आणि निघताना आमच्या भिंतीकडे चोरून बघायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा. देवाच्या इच्छेची इतकी खबर होती तर आधी सांगायचं होतं. आईचाही राग यायचा. भांडी घासताना गाणारी माझी आई, आता मी हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही. भाऊ परत येणार नाही हे मला कळत होतं. मला आई परत हवी होती, एवढंच.

डिसेंबर आला. "यंदा राहू दे चुना," पप्पा म्हणाले. पण आईने चुना भिजवला. मी स्टूल धरून उभी राहिले. कुंचा भिंतीवरून सरकत सरकत त्या निळ्या खुणेजवळ आला तसं मी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एक फटकारा, की सगळं संपणार होतं. आई थांबली. खाली उतरली, आत गेली आणि पप्पांचा दाढीचा ब्रश घेऊन आली. तो चुन्यात बुडवून ती त्या खुणेच्या कडेकडेने फिरवायला लागली, बाळाच्या डोळ्यात काजळ घालावं तशी, श्वास रोखून.

"आई, तिथलं राहिलं की," मी म्हटलं.

"राहू दे. हे त्याने बघितलंय," आई म्हणाली. मग ती स्टुलावरच बसली आणि मोठमोठ्याने रडली. मी तिच्या मांडीत डोकं घातलं. चुन्याने माखलेला तिचा हात माझ्या केसांवरून फिरत राहिला.

त्या नाताळला पप्पांनी बोटांनी साबण लावून दाढी केली. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं, पण ब्रशाचं नाव काढलं नाही.

आई देवळात आली ती पुढच्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, न सांगता. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर आमच्याकडे सात जण बोलतात. तिसऱ्या उद्गारावर एक म्हातारे मास्तर बोलत होते. शिष्य पळून गेले, ते म्हणाले, पण त्याची आई तिथेच उभी होती. तिला त्याला खाली घेता येत नव्हतं, पाणीही देता येत नव्हतं. ती फक्त उभी होती. तेवढ्यात मागे बाक करकरला. मी वळून पाहिलं. सगळी मंडळी बसलेली, आणि शेवटच्या बाकाशी माझी आई उभी. पप्पा उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग मीही गेले. मास्तर आम्हाला बसा न म्हणता पुढे बोलत राहिले.

घरी येताना आई म्हणाली, "त्यालाही आई होती, हे मी विसरूनच गेले होते." थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "आणि तिचंही ऐकलं नव्हतं कोणी."

ईस्टरच्या सकाळी तिने स्वतःच ट्रंक उघडली. लाकूड त्या निळ्या खुणेवर बरोबर बसलं. त्या दिवसापासून मला वधस्तंभ सुंदर वाटतो. त्याच्या आड काय आहे ते मला माहीत आहे ना.

पप्पांचा कायदा मात्र कायमचा मोडला. दर नाताळला आई वधस्तंभ उतरवून माझ्या हातात द्यायची, दाढीच्या त्याच ब्रशाने खुणेभोवती चुना लावायची आणि वाळला की परत टांगायची.

ऐंशीच्या दशकात, लग्नानंतर, मी माझ्या लेकीला घेऊन तिच्या पहिल्या नाताळला माहेरी आले. चुना लावून झाला होता, वधस्तंभ माझ्या हातात होता. आईने हात पुसले, पोरीला उचललं आणि भिंतीजवळ नेलं. पोरीने त्या निळ्या खुणेवर तळवा टेकवला.

"हा बघ," आई तिला म्हणाली, "तुझा मामा."