खंडेनवमीचा मोडेम

आमच्या घरात राग येण्याचं खातं माझ्याकडं आहे. वडील होते तोवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही आणि आई तर मांजरालासुद्धा हळू बोलून हाकलते. मग मी नेमका कुणावर गेलो, यावर भावकीत अजून चर्चा होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

परंड्यात पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, त्या वेळची ही गोष्ट. क्लास म्हणजे तीन मशीन आणि भिंतीवर एक घड्याळ. दोन मशीनवर पोरं टायपिंग शिकायची. कोपऱ्यातलं तिसरं माझं, त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं. पुण्याला शिकत असताना एका मित्रानं त्याची सीडी दिली होती आणि म्हणाला होता, हे शिकलास तर जगात कुठंही पोट भरशील. मी ते शिकलो आणि परत परंड्यात येऊन बसलो. पण तालुक्यात आपल्यासारखा लिनक्सवाला दुसरा नाही, ही गुर्मी मात्र होती.

त्या मशीनला बाहेरून एक मोडेम जोडलेला होता. वहीएवढा काळा डबा, पुढं बारक्या लाल दिव्यांची ओळ. तो टेलिफोनच्या तारेवरून फोन लावायचा, पलीकडचं मशीन फोन उचलायचं, दोघं थोडा वेळ किर्र किर्र करत भांडायचे आणि मग इंटरनेट यायचं. आमच्या गल्लीत तेवढाच एक. त्यामुळं कुणाच्या अर्जावर मेलचा पत्ता लिहायची वेळ आली की माझाच लिहिला जायचा.

शेजारी चाचांचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांची थोरली मुलगी धाराशिवला नर्सिंग शिकून नुकतीच घरी आली होती. तिनं पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज केला आणि पत्ता अर्थातच माझा दिला. रोज येताजाता विचारायची, "भैया, काय आलं का?" मी म्हणायचो, आलं की सांगतो. मेल मी दोन-तीन दिवसांनी एकदा उघडायचो. त्या आठवड्यात नवरात्राच्या गडबडीत चार दिवस उघडलाच नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी उघडला तर पत्र येऊन पडलेलं. तिची निवड झाली होती. रुजू होणार असाल तर याच पत्त्यावरून होकार कळवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावू. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पत्र येऊन तीन दिवस झाले होते. ते तीन दिवस मी खाल्ले होते. मी तसाच शेजारी पळालो.

चाचा दुकानात गादीला टाके घालत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टाका पुरा केला आणि म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो." पोरीला बार्शीकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, हे गल्लीला ठाऊक होतं. एकट्या पोरीला पुण्याला धाडायचं, का स्थळाला होकार देऊन मोकळं व्हायचं, हा त्यांच्या घरचा प्रश्न होता. त्यात मी काय बोलणार?

सकाळी आठला चाचा स्वतः आमच्या दारात आले. डोळे लाल होते. म्हणाले, "लिवा, येती म्हणून." एवढंच बोलून ते वळले. त्यांच्या मागं ती उभी होती. बाप लांब गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "भैया, अब्बांनी एकदा व्हय म्हटलंय. दुसऱ्यांदा म्हणतील असं न्हाय. आजच जाऊ द्या ते."

"दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो.

त्या दिवशी खंडेनवमी. आई पहाटेच उठून कामाला लागली होती. विळा, खुरपं, पाटा-वरवंटा, वडिलांची सायकल, तिचं शिलाई मशीन, सगळं पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून झालं होतं. त्या वर्षी तिनं पहिल्यांदा माझ्या मशीनचीही पूजा केली होती. म्हणाली, "आता तुझं हत्यार हेच की." मॉनिटरवर कुंकवाची दोन बोटं, मोडेमवर एक टपोरं फूल. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. मी बटणाला हात घातला तेव्हा ती दारातून बोलली, "आज न्हाय चालवत रं." मग त्या मुलीकडं बघून स्वतःच म्हणाली, "पोरीचं काम हाय. देवीला कळतंय."

मशीन सुरू झालं. होकाराच्या चार ओळी मी लिहिल्या, तिनं दोनदा वाचल्या. फोन लावायची आज्ञा दिली. नेहमीसारखा आवाज आला नाही. मोडेम उत्तर देत नाही, असं मशीननं इंग्रजीत कळवलं. पुन्हा दिली, पुन्हा तेच. डब्यावरचे दिवे तर लागलेले. म्हणजे मोडेम जिवंत होता, पण मशीनच्या लेखी तो जगातच नव्हता.

नऊ वाजले, दहा वाजले. डबा बंद करून चालू केला. मशीन बंद करून चालू केलं. टेलिफोनची तार काढून साध्या फोनला लावली, तर तो छान वाजत होता. मोडेमची जाड केबल मागं हात घालून चाचपली. दोन्ही बाजूचे स्क्रू गच्च आवळलेले. केबलचा प्रश्न मिटला, असं मी ठरवलं आणि इथंच माझी गाडी चुकीच्या रस्त्याला लागली.

मग मला पाण्याचा संशय आला. "आई, पूजेला पाणी शिंपडलंस का ह्याच्यावर?"

"न्हाय रं."

"हळद आत सांडली असंल. कुणी हात लावला ह्याला? काय केलं ह्याला?"

"म्या काय केलं न्हाय," आई म्हणाली आणि आत गेली.

मी डबा उघडून फुंकर मारली. आत हळद नव्हती, कुंकू नव्हतं. तरी माझं तोंड सुरूच होतं. यंत्राला देव करायची काय गरज, शंभरदा सांगितलं हात लावू नका, वगैरे. ती मुलगी स्टुलावर बसून होती. तिच्यादेखत आपण आईवर ओरडतोय, हे मला कळत होतं. पण घड्याळात साडेअकरा झाले होते आणि कळण्याचा काही उपयोग नव्हता.

लिनक्समध्ये अडलं की उत्तर इंटरनेटवर शोधायचं, हे मी शिकलो होतो. आता इंटरनेटच अडलं होतं. माझ्याकडं होती एक वही, त्यात कधीतरी उतरवून घेतलेल्या आज्ञा. त्या एकेक देत सुटलो. परवानग्या बदलल्या, दोन फायली खोडून नव्या लिहिल्या, मोडेमचा वेग कमी केला, वाढवला. प्रत्येक बदलानंतर मशीन तेच शांतपणे सांगायचं, उत्तर देत नाही. कमरेएवढं असेल म्हणून पाण्यात उतरावं आणि खाली जमीन लागू नये, तसं होत होतं.

बाराला दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई सौजन्यानं म्हणाली, होकार मेलवरच धरतो, फोनवरचा धरत नाही. पुण्यातल्या मित्राला माझा पासवर्ड सांगून त्याच्याकडून पाठवावं म्हटलं, तर तो दसऱ्याला गावी गेलेला. शेवटी बार्शीच्या नेटकॅफेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आज मशिनी पुजल्यात हो. उद्या या." त्याच्यावर रागवायला जागा नव्हती. मुलखातलं एकूण एक हत्यार त्या दिवशी फुलं घालून बसलं होतं.

दुपारी चाचा येऊन गेले. दारातूनच त्यांनी विचारलं, "गेलं का?" मी म्हणालो, जाईल. ते म्हणाले, "न्हाय गेलं तर न्हाय गेलं. नशिबात नसंल." त्यांच्या आवाजात निराशा होती की सुटका, मला सांगता येणार नाही. पण मुलीनं मान खाली घातली आणि मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. मुदत टळली तर दवाखान्याचं काही बिघडणार नव्हतं. ह्या पोरीचं सगळं ठरून जाणार होतं, आणि तेही माझ्या हातून.

साडेतीन वाजता मी ठरवलं की लिनक्स काढून सगळं नव्यानं टाकायचं. हा शुद्ध वेडेपणा होता, त्यालाच दोन तास लागले असते. मी ड्रॉवरमध्ये सीडी शोधत असताना ती मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. आई चुलीपुढं पाटावर बसली होती. मधलं दार उघडंच होतं, त्यामुळं मला ऐकू येत होतं.

"काकू, पूजा लई छान केली तुमी. मागनंबी पुसलं व्हय?"

"पुसलं की. कोळ्यानं जाळं केलं व्हतं मागं."

"मग पुसताना वायर आडवी येत असंल."

आई म्हणाली, "एकच काढली गं. ती जाड. पर परत व्हती तशीच लावली. गच्च आवळली, सुटू नये म्हणून."

"चला की, दावता का मला?"

आई बाहेर आली. माझ्याकडं बघितलं नाही. टेबलामागं उकिडवी बसली आणि बोट दाखवून त्या मुलीलाच म्हणाली, "ही दोन भोकं सारखीच हायेत बघ. ह्यात व्हती का त्यात, ध्यानात न्हाय. म्या ह्यात लावली."

मशीनच्या मागं नऊ-नऊ टाचण्यांची दोन पोर्टं शेजारीशेजारी असतात, हुबेहूब सारखी. मोडेम पहिल्यात आहे, असं मी मशीनला कधीच सांगून ठेवलं होतं. आईनं तो दुसऱ्यात लावला होता. मशीन दिवसभर रिकाम्या दाराला हाका मारत होतं आणि पाहुणा शेजारच्या दारात उभा होता. सगळी पोर्टं धुंडाळून मोडेम शोधणारी एक साधी आज्ञा होती, ती मला पुढं दोन वर्षांनी कळली. तालुक्यातला एकमेव लिनक्सवाला!

स्क्रू आईनं इतके आवळले होते की पेचकस आणावा लागला. केबल पहिल्या पोर्टात लावली. तरी लागेना. कारण सकाळपासून मी केलेल्या दुरुस्त्या आता एकेक मोडाव्या लागणार होत्या. आईची चूक दोन मिनिटांची होती, माझ्या चुका निस्तरायला पाऊण तास गेला. साडेचारला पहिल्यांदा डायलचा आवाज आला आणि पलीकडून एंगेज लागला. पुन्हा एंगेज. ती मुलगी ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. आई देवघरात नव्हे, दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून.

चौथ्या वेळेला किर्र किर्र सुरू झालं. मेल गेला तेव्हा घड्याळात पाचला बारा मिनिटं कमी होती.

मी खुर्चीत मागं टेकलो. मुलगी पळत घरी गेली. मग मी आईला विचारलं, आणि विचारतानाही आवाज वरच होता, "सकाळीच सांगायचं न्हाय का?"

आई मोडेमवरचं खाली पडलेलं फूल उचलून परत ठेवत होती. म्हणाली, "तू इचारलंस कवा? तू नुस्ता वरडत व्हतास."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून हसून सोडून द्यायची ही गोष्ट होती आणि कितीतरी वर्षं मी ती तशीच सांगत आलो. ऐकणारे हसायचे, आईसुद्धा हसायची. दवाखान्याचं उत्तर आलं आणि ती मुलगी पुण्याला गेली. एकदा ईदला घरी आली होती, तेव्हा मी तिला विचारलं, तुला कसं सुचलं गं आईला विचारायचं? ती म्हणाली, "वार्डात रोजचंच हाय, भैया. पेशंट घाबरला की काय खाल्लं न्हाय, काय केलं न्हाय म्हणतो. त्याला वरडलं की काय कळत न्हाय. जवळ बसावं लागतं." तिला ते कामातलं साधं काहीतरी वाटत होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

ती आता तिथं मोठी सिस्टर आहे. क्लास बंद होऊन जमाना झाला, तो मोडेम माळ्यावर आहे. आई पंचाहत्तरीला आली, तिच्याकडं मोबाईल आहे. गेल्या नवरात्रात त्याचा आवाज बंद झाला, तेव्हा ती तो दोन्ही हातांत धरून माझ्याकडं आली. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो. दारातूनच म्हणाली, "म्या काय केलं न्हाय बरं का."

मी सरकून तिला बाजेवर जागा दिली. हळू आवाजात म्हटलं, "आई, काय काय झालं, सांग." त्या खंडेनवमीला वीसेक वर्षं झाली, मी आता ओरडत नाही. तरी फोन माझ्या हातात द्यायच्या आधी ती थांबली आणि तिनं माझ्या तोंडाकडं बघून घेतलं.